आकडा कुठं उभा राहून बोलतो?

मंडळी, आजचा विषय आहे विज्ञानातलं मोजमाप आणि विज्ञानातली प्रतिमानं. प्रतिमान म्हणजे ज्याला आपण सरळ 'मॉडेल' म्हणतो ते. जगातल्या एखाद्या गोष्टीची गणितात केलेली सोपी आवृत्ती. पावसाचं मॉडेल असतं, साथीचं असतं, जंगलातल्या बिबट्यांच्या संख्येचंही असतं. सर्वसाधारण समज असा की आधी मोजमाप होतं, ते निखळ असतं. मग त्यावर कुणीतरी मॉडेल उभं करतं आणि मतभेद तिथून सुरू होतात. म्हणजे माप खरं, मॉडेल हा अंदाज. आमची टीका नेमकी या समजुतीवर आहे. मापाच्या पोटात मॉडेल आधीच बसलेलं असतं, असं आमचं म्हणणं. ते उघड सांगितलं नाही, तर त्यातल्या चुकीची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते. आणि हे दाखवायला लांब जायला नको. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड एवढ्या टापूत बरीचशी उदाहरणं हाताशी आहेत.

सुरुवात पावसापासून करू. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिलिमीटर. दोन्हींतलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. आता सांगा, त्या दिवशी 'मुंबईत' किती पाऊस पडला? सरासरी काढली तर ५०९ येते. तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता.

पर्जन्यमापक म्हणजे काय, तर वीतभर रुंद तोंडाचं भांडं. अशा दोन भांड्यांवरून चारशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या शहराबद्दल बोलायचं, तर मधल्या जागेत पाऊस सावकाश, टप्प्याटप्प्यानं बदलतो असं धरावं लागतं. कुणी तसं लिहून ठेवत नाही, पण धरलेलं असतंच. यालाच आम्ही मापाच्या पोटातलं मॉडेल म्हणतो. चार-पाच दिवसांच्या सलग मोसमी झडीला ते बऱ्यापैकी लागू पडतं. २६ जुलैचा ढग मात्र एका पट्ट्यावर येऊन ठाण मांडून बसला, आणि ते गृहीतक त्या दुपारी निकामी झालं.

आणखी एक गोष्ट. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. ही सोय नोंद ठेवणाऱ्याची आहे. नाल्याला दिवस कळत नाही, नाल्याला तास कळतो. त्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ९४४ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. शहर बुडण्याचं गणित करायला १९० जास्त कामाचा, पण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आता नाल्याकडे येऊ. पावसाचं पाणी वाहून न्यायला किती मोठा नाला हवा, हे काढायचं एक जुनं, सोपं सूत्र आहे. क्षेत्रफळ, पावसाचा जोर आणि एक गुणांक यांचा गुणाकार. या गुणांकाला अपवाह गुणांक म्हणतात. पडलेल्या पाण्यापैकी किती जमिनीत न मुरता वाहून येईल, त्याचं हे प्रमाण. मुंबईच्या जुन्या नाल्यांचा हिशेब ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक धरून केलेला होता. म्हणजे अर्धं पाणी माती पिऊन टाकेल, असं मानलेलं.

आपण एक हेक्टर जमीन घेऊ. ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला अडीचशे घनमीटर पाणी पडतं. अर्धं मुरलं, उरलं १२५ घनमीटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेबारा टँकर. नाला एवढ्यासाठी बांधला. पुढं त्याच हेक्टरवर भातखाचरं गेली, चाळी आल्या, मग इमारती आल्या, आवारात पेव्हर ब्लॉक बसले, रस्ते काँक्रीटचे झाले. गुणांक ०.५ वरून जवळजवळ १ वर गेला. पाऊस एका थेंबानंही वाढला नाही, तरी पाणी दुप्पट झालं! साडेबाराचे पंचवीस टँकर. उपनगरं वाढत होती तेव्हा हा गुणांक कागदावर जिथल्या तिथं होता. तो मोजलेला आकडा नव्हता, धरलेला होता. पण एकदा सूत्रात बसला की धरलेला आकडाही मोजल्यासारखाच दिसतो.

१९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड नावाचा अभ्यास झाला, त्याचा अहवाल १९९३ मध्ये आला. त्यानं ताशी ५० मिलिमीटर आणि गुणांक १ धरायला सांगितलं. म्हणजे त्याच हेक्टरला पन्नास टँकर, आधीच्या चौपट. दुरुस्ती योग्य होती. पण २००५ उजाडेपर्यंत त्यातलं पुष्कळसं काम कागदावरच होतं. आणि १९० मिलिमीटरच्या तासाला त्या हेक्टरवर किती टँकर पाणी आलं असेल? एकशे नव्वद. साडेबारा टँकरच्या नाल्यात एकशे नव्वद टँकर.

२००५ च्या पुराचं खापर एकट्या गुणांकावर फोडावं, असं आम्ही म्हणत नाही. मिठी नदीचं पात्र आवळलं गेलं होतं, दुपारी मोठी भरती होती. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीनं अशा अनेक कारणांचा ऊहापोह केला. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. कुर्ला, कलिना, साकीनाका ही नावं आजही त्या दिवसाशी जोडलेली आहेत. आमचा मुद्दा एवढाच की गृहीतकातली चूक कार्यालयातल्या फायलीत बुडत नाही. ती सखल वस्तीत, तळमजल्यावर बुडते.

हा दोष अभियंत्यांचाच आहे असं कुणाला वाटू नये, म्हणून दुसऱ्या शास्त्राकडे जाऊ. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती माणसांचा समुद्र, आणि आत बिबटे. किती? पूर्वी पावलांच्या ठशांवरून मोजत. ठसा पाहून जाणकार माणूस सांगणार की हा अमुक जनावराचा. यातही मॉडेल होतंच: प्रत्येक जनावराचा ठसा वेगळा असतो आणि जाणकाराला तो अचूक ओळखता येतो. राजस्थानात सारिस्काला याच पद्धतीनं वाघ मोजले जात. २००५ मध्ये कळलं की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. त्यानंतर देशात व्याघ्रगणनेची पद्धत बदलली.

आता कॅमेरे लावतात. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी, प्रत्येकाची निराळी. आपल्या उद्यानात आणि लगतच्या भागात २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ च्या अभ्यासात ४७. बातमी काय होते? 'बिबटे वाढले!' पण हे ओळख पटलेले बिबटे. जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचं काय? त्यासाठी पुन्हा एक मॉडेल लागतं. एकदा टिपलेलं जनावर पुन्हा किती वेळा टिपलं जातं, यावरून न टिपलेल्यांचा अंदाज करतात. ही युक्ती जुनी आहे, डेन्मार्कच्या पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खुणा केलेल्या माशांवर वापरलेली. पद्धत भक्कम आहे. पण दोन वर्षांची तुलना करायची तर अभ्यासाचं क्षेत्र, कॅमेऱ्यांची संख्या आणि ते किती रात्री लावले, हे शेजारी मांडावं लागतं. अभ्यासकांच्या अहवालात ते असतं. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर ते गळून पडतं आणि नुसता ४७ उरतो. मग आरे कॉलनीतल्या किंवा मुलुंडच्या डोंगरालगतच्या पाड्यांवर राहणाऱ्या माणसाला वाटतं, बारा बिबटे नव्यानं आले. भीती वाढते, पिंजरे लावा म्हणून मागणी होते.

तिसरं उदाहरण साथीचं. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं. त्यातला एक आपला दहिसरचा आर-उत्तर विभाग. सुमारे सात हजार नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत १६ टक्के. या सर्वेक्षणाची मोठी कर्तबगारी अशी की त्यानं दोन आकडे वेगळे ठेवले. एकच सरासरी छापली असती तर शहरात दोन निरनिराळ्या साथी चालू आहेत, हे कळलंच नसतं. याच संस्थेच्या संशोधकांनी लोकलगाड्या सुरू केल्या तर काय होईल याचं संगणकीय मॉडेल केलं, त्यातही झोपडपट्टी आणि इतर वस्ती वेगळी धरली होती. मॉडेल कुठं फोडायचं हे ज्याला कळलं, त्याला निम्मं काम जमलं असं आम्ही समजतो.

पण पुढं ऐका. ऑगस्टमध्ये त्याच विभागांत दुसरी फेरी झाली. झोपडपट्टीतला आकडा ४५ टक्क्यांच्या आसपास आला. ज्यांना आजार होऊन गेला, त्यांना तो महिन्याभरात 'न झालेला' झाला का? अर्थातच नाही. रक्तातली प्रतिपिंडं काळानुसार ओसरतात, आणि नमुना बदलला की आकडाही थोडा हलतो. तपासणीनं मोजली होती प्रतिपिंडं. आपण वाचला संसर्ग. मधली उडी आपण मारली. आणि ५७ टक्के वाचून 'आता झोपडपट्टी सुरक्षित झाली' असं म्हणणाऱ्यांनी तर आणखी एक उडी मारली. एका आकड्यावर उभं राहून मारलेल्या दोन उड्या.

महाराष्ट्राला हा वाद तसा नवा नाही. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरच्या आपल्या ग्रंथात माणशी रोज २२५० कॅलरी हा मापदंड घेतला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. २२५० ही सरासरी गरज आहे. माणसामाणसाची गरज निराळी, एकाच माणसाची दिवसागणिकही निराळी. सरासरीच्या खाली आला तो उपाशी, असं कसं म्हणता? रेषा खालच्या टोकाला हवी. रेषा जराशी हलली की उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी बदलते. दोघांच्या हाती माहिती साधारण तीच होती. या वादात कुणाची बाजू बरोबर, हे आज ठरवायचं नाही. पण दोघांनीही आपलं गृहीतक चारचौघांत मांडलं, म्हणून वाद तरी होऊ शकला. नाल्याच्या ०.५ वर असा वाद कधी ऐकलात?

आता कुणी म्हणेल, अहो, मग मोजायचंच नाही का? अभियंत्याला उद्या नळ टाकायचा आहे, त्याला एक आकडा लागतो. हे म्हणणं रास्त आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. आकड्याशिवाय नाला बांधता येत नाही. शिवाय २००५ नंतर पुष्कळ सुधारलं. महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं बसवलं, त्यातले बरेच अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर. ते दर पंधरा मिनिटांनी नोंद देतात. २०२० मध्ये पुराचा इशारा देणारी आयफ्लोज यंत्रणा सुरू झाली. २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावली टेकडीवर मुंबईचं दुसरं डॉप्लर रडार आलं. वीतभर तोंडाच्या दोन भांड्यांवरून आपण इथवर आलो, हे थोडं नाही.

मात्र रडारही पाऊस मोजत नाही, बरं का. थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरींची ताकद ते मोजतं. त्याचे मिलिमीटर करायला सूत्र लागतं, आणि ते सूत्र थेंब केवढे आहेत यावर अवलंबून असतं. मोठे थेंब थोडे असले तरी रडारला भारी वाटतात. म्हणून रडारचा आकडा जमिनीवरच्या भांड्याशी सतत ताडून पाहावा लागतो. नवं यंत्र आलं म्हणून जुनं भांडं फेकून देता येत नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक निर्णयासाठी जो आकडा जाहीर होतो, त्याच्यासोबत तीन गोष्टी त्याच पानावर छापल्या जाव्यात. यंत्र कुठं होतं आणि कुठं नव्हतं. मोजलं काय आणि त्यावरून धरलं काय. आणि धरलेलं चुकलं, तर पाणी कुणाच्या घरात शिरेल. यातली तिसरी गोष्ट विज्ञानाच्या कक्षेत येत नाही असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. चूक किती होऊ शकते हे शास्त्रज्ञ सांगतो, तर ती कुठं होऊ शकते हेही त्यालाच आधी कळतं.

आणि थोडं काम आपलंही आहे. तुमच्या सोसायटीच्या आवारात उद्या उरलीसुरली माती काढून फरशी बसवायचा ठराव येईल. त्या सभेत एवढं विचारा की आपल्या गल्लीचा नाला कुठला गुणांक धरून बांधलाय, आणि आपण तो किती वाढवतोय? उत्तर कदाचित मिळणार नाही. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या.

आम्ही इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.