कंसातल्या आत्या

आमच्या घराची वंशावळ कागदावर पहिल्यांदा उतरली ती 2023 च्या दिवाळीत. अक्षर बरं म्हणून लिहायला मला बसवलं. गावात तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली होती, मराठवाड्यातल्या जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता आणि बीड जिल्ह्यातल्या पारापारावर पोरं म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारत होती, पणज्याच्या बापाचं नाव काय?

खापरपणज्यापासून सुरुवात केली. त्याला दोन मुलगे, त्यातल्या एकाला तीन. आजोबांपाशी आले आणि अण्णा, चुलते यांच्या शेजारी तीन आत्यांची नावं लिहायला लागले. चुलते म्हणाले, "त्यांचं कशाला लिव्हतीस? त्या त्यांच्या घरच्या कागदात असतील."

तसं नव्हतंच. आत्यांच्या सासरची वंशावळही मी पुढं पाहिली. तिथं त्यांचे नवरे होते, मुलगे होते, त्या नव्हत्या.

आरक्षणाचा वाद हा या लेखाचा विषय नाही. मी मराठी साहित्य शिकले, त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की तो कोण सांगतंय आणि कोणाला गाळून सांगतंय हे बघायची खोड लागली आहे. मराठवाड्यातलं शेतकरी घर स्वतःबद्दल ज्या संहिता लिहून ठेवतं त्यांची समीक्षा सहसा कोणी करत नाही. वंशावळ, सातबारा, फेरफार, हक्कसोडपत्र. कादंबऱ्यांपेक्षा याच जास्त वाचल्या जातात. आणि त्यांच्यावरून डोकीही फुटतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये तिच्यात काय पिकतं. आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मोबाइलवर येतो. आमच्याकडे मागं जायचं तर मात्र वाट अवघड. बीड 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. त्यामुळे जुन्या दप्तरात उर्दू आहे, मोडी आहे. बहुतेक घरांचा शोध 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकापाशी येऊन थांबतो. त्याआधीचं सांगायला तोंडी आठवण, नाहीतर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या पुरोहितांच्या वह्या.

सातबाऱ्यात भोगवटादाराच्या रकान्याशिवाय आणखी एक रकाना असतो, 'इतर हक्क'. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाईहुकूम असलं सगळं त्यात येतं. जुने उतारे पाहिले तर बहिणींची आणि विधवांची नावंही पुष्कळदा याच रकान्यात सापडतात. मालकी भावांची, बहीण 'इतर'. भोगवटादार म्हणून थोरल्या भावाचं नाव आणि पुढं 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आख्खं खटलं त्या तीन अक्षरांत मावायचं. माझी पणजी आमच्या उताऱ्यात अशीच, विहिरीसाठी काढलेल्या कर्जाच्या खाली आहे. घराच्या इतिहासात तिचा लेखी उल्लेख हा एवढाच.

आता कायदा बदलला आहे. 1956 च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला. 1994 मध्ये महाराष्ट्रानं दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीला आणलं, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट राहिली नाही. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, दुरुस्तीच्या दिवशी बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. माझ्या तिन्ही आत्यांची लग्नं 94 च्या आधीची. म्हणजे एका आयुष्यात कायद्यानं त्यांना आधी बाहेर ठेवलं आणि मग आत घेतलं.

आजोबा 2021 मध्ये गेले. वारस नोंद लागली तेव्हा तलाठ्यानं नियमाप्रमाणे सगळी नावं घेतली. आजी, अण्णा, चुलते, तीन आत्या. फेरफार मंजूर झाला. सात महिन्यांनी दुसरा फेरफार पडला, बहिणींनी हक्क सोडला म्हणून त्यांची नावं कमी. हे दोन फेरफार शेजारी ठेवून वाचा. पहिला कायद्यानं लिहिलाय, दुसरा घरानं. मधल्या सात महिन्यांत काय घडलं हे दोन्हीकडे नाही. कोणी कोणाला फोन केला, कोण रुसलं, कोणाच्या लेकराच्या लग्नात कोण आलं नाही, हे सगळं त्या मधल्या कोऱ्या जागेत आहे. कादंबरी असलीच तर तिथं आहे.

मराठी कादंबरी मात्र तिथं फारशी गेली नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या केंद्रस्थानी शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'मध्ये (2010) खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून बापाच्या आजारपणासाठी मोरगावला परततो आणि शेतीवाडीसकट आख्खं घराणं त्याच्या अंगावर येतं. दोन्ही कादंबऱ्या मला मोठ्या वाटतात. पण आपल्या शेतीच्या कादंबरीचा पेच बहुतेक वेळा मुलाचा असतो. ही माती धरायची की सोडायची? वारसा त्याला नको असला तरी मिळतो. जिला तो कधी देऊच केला नाही, तिनं काय सोडलं याचा हिशेब मला वाचायला मिळाला तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात.

हक्कसोडपत्र हा विलक्षण साहित्यप्रकार आहे. तो प्रथमपुरुषी असतो. त्यात एक 'लिहून देणार' असते आणि एक 'लिहून घेणार'. लिहून देणारी एक अक्षरही लिहीत नाही. मजकूर वकिलाच्या संगणकात तयारच असतो, फक्त गट नंबर आणि नावं बदलतात. थोरल्या आत्याला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता, काहीही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडत आहे.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मी म्हणले व्हय?"

कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मग तिनं अंगठा दिला, फोटो काढून घेतला आणि बाहेर येऊन म्हणाली, "जमीन घेऊन काय करू? दिवाळीला यायला दार उघडं पाहिजे."

तिला दडपण होतं असं मी म्हटलं तर ती चिडेल. राजीखुशी होती असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. जात्यावरच्या ओव्यांत बहीण भावाचं गुणगान करते, माहेराची वाट बघते आणि मागते ती चोळी-बांगडी. त्या ओव्या मला प्रिय आहेत. पण सोडण्याला मायेचं रूप त्यांनीही दिलं आहे, हे आता दिसतं. बायकांची आठवण ओवीत राहिली आणि जमीन फेरफारात, अशी ही जुनी वाटणी आहे.

गंमत म्हणजे धर्माची संहिता इथं महसुली कागदापेक्षा उदार निघते. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, आईच्या बापाचंही. मेल्यावर पिंडाला नाव लागतं, सातबाऱ्याला लागत नाही. जानेवारी 2024 च्या अधिसूचनेच्या मसुद्यातला 'सगेसोयरे' हा शब्द गाजला, तेव्हा मला वाटलं, आता तरी बायकांकडून जाणारी नाती कागदावर येतील. मसुदा वाचला. लग्नाची नाती त्यात होती, पण मोजायची ती वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिढ्यांतून.

चुलते वाईट माणूस नाहीत. आमची अकरा एकर आहे, कापूस आणि तूर. पाच भावंडं आणि आजी अशी वाटणी केली तर कोणाच्या वाट्याला दोन एकरही येत नाही. राज्यात सरासरी शेतजमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34 राहिली. तुकडे पडतात हे खरंच. पण तुकडे पडायची काळजी भावाभावांत वाटताना होत नाही, बहिणीचं नाव निघालं की होते. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. कारणं अनेक आहेत. तरीही वंशावळ लिहिताना तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. ज्या आकृतीत मुलीच्या नावाखाली रेघच ओढायची नसते, त्या आकृतीला मुलगी हा शेवट वाटणारच.

माझंही नाव त्या कागदावर आहे, कारण दाखला मला हवा होता. भावाच्या नावाखाली जागा सोडली आहे, माझ्या नावाखाली नाही.

जुन्या हस्तलिखित उताऱ्यात कमी झालेल्या नावाला कंस करत. 2020 पासूनच्या नव्या नमुन्यात कंसाऐवजी आडवी रेघ मारतात. कंसातलं काय किंवा रेघेखालचं काय, नाव वाचता येतं. खोडलेलंही दप्तरात राहतं, हा महसूल खात्याचा गुण म्हणायला हवा.

तहसीलला द्यायची वंशावळ चुलत्यांनी सांगितली तशी दिली. घरासाठी मात्र परवा दुसरी लिहायला घेतली. तिन्ही आत्या, त्यांची लेकरं, पणजी, तिचं माहेर. थोरल्या आत्याला फोन करून पणजीच्या आईचं नाव विचारलं. तिनं लगेच सांगितलं, वर तिच्या बहिणींचीही चार नावं सांगितली. पान पुरलं नाही. दुसरं चिकटवावं लागलं.