सकळ लिपी आणि 'एकी वासना'

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत कोंडले म्हणून यादवकालीन मराठी शाबूत राहिली, हे विधान आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासावेसे कोणाला वाटत नाही. कालक्रम लावला की ते लंगडे पडते. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या तेराव्या शतकाच्या अखेरीस, रिद्धपुरात, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. ती मूळ पोथी पुढच्या शतकातील स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली, असे पंथाची परंपराच सांगते. सकळ लिपी त्यानंतरची. म्हणजे तिच्या कुलपाआड राहिले ते म्हाइंभटांचे मूळ नव्हे. हिराइसा आदींनी स्मरणातून पुन्हा उभे केलेले पाठ. शिवाय अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालणारी ही लिपी. तिने परक्याला दूर ठेवले, पण नकलकाराचा हात चुकायचा तो चुकणारच.

मग राखले कशाने? माझ्या मते 'वासने'ने. या पोथ्यांत एखादी लीळा चालू असताना मध्येच 'एकी वासना' असे येते, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या आठवणीत ती अशी आहे. कोणाची आठवण खरी, याचा निवाडा करायचे लेखकूने टाळले आणि दोन्ही लिहून ठेवल्या. श्रीचक्रधरांच्या मुखातला शब्द आपल्या हातून गळू नये, हे भय त्यामागे आहे.

हिब्रू धर्मग्रंथांची गोष्ट येथे आठवते. तिबेरियाच्या मसोरा पंडितांनी शब्दांची मोजदाद ठेवली, स्वरचिन्हे दिली. मूळ अक्षराला मात्र हात लावला नाही. वाचायचा शब्द लिहिलेल्याहून वेगळा असेल तर तो समासात नोंदवला. १००८ सालची संपूर्ण प्रत आज लेनिनग्राड पोथी म्हणून ओळखली जाते. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत तिच्याहून हजारेक वर्षे जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांतल्या काही तिच्याशी थक्क व्हावे इतक्या जुळतात, काही बऱ्याच वेगळ्या आहेत. एक पाठ ठरण्यापूर्वी तिथेही अनेक नांदत होते. तिथे भेद समासात गेला, आपल्याकडे तो ओळीतच राहिला.

राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. नागपुरात ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागाभागाने छापले. १९७८ साली वि. भि. कोलते यांची आवृत्ती आली. या दोघांचे ऋण मोठे आहे. तरी 'मूळ पाठ' शोधण्याची आपल्या संशोधनाची ओढ या ग्रंथाला जाचते असे वाटते. ज्याचे मूळच आठवणींत विखुरले, त्याला एकच शुद्ध पाठ कसा असणार? पुढच्या संपादकाने वासना तळटीपेत ढकलू नयेत; लीळेच्या अंगातच, त्याच टाइपात छापाव्यात. पाने वाढतील, ती वाढू द्यावीत.