दाराबाहेरची थंडी

इंग्रजी निबंधवाङ्मयांत हिंवाळ्याच्या संध्याकाळीं दारें लावून, पडदे सोडून, विस्तवाशेजारीं पुस्तक घेऊन बसलेल्या गृहस्थाचें चित्र इतक्या वेळां आलें आहे कीं, त्याची एक स्वतंत्र परंपराच मानावी लागते. चहाचें भांडें, मऊ खुर्ची, पायांशीं झोंपलेलें मांजर, आणि बाहेर बर्फ. ह्या वाङ्मयाकडे गंभीर टीकाकार फारसे वळत नाहींत. वर्गांत तें शिकवूं लागलों कीं, मागच्या बाकावरून एक प्रश्न हटकून येतो: सुखवस्तु माणसानें आपलें सुख वर्णन केलें, ह्यांत वाङ्मय तें कोणतें? प्रश्न उद्धटपणाचा नाहीं. वसतिगृहांत ज्या मुलाला डिसेंबरांत पांघरूण पुरत नाहीं, त्यानें तो विचारला नाहीं तरच नवल. त्याला 'लेखकाची शैली पाहा' एवढेंच उत्तर देऊन वाटेला लावणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. कारण हें वाङ्मय जेथें फसलें आहे, तेथें तें उत्तम शैली असूनहि फसलें आहे.

ह्या परंपरेंतील सर्वांत प्रसिद्ध खोली टॉमस डी क्विन्सीची. 'कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर' हें त्याचें आत्मकथन 1821 सालीं 'लंडन मॅगझीन' मासिकांत प्रसिद्ध झालें. ग्रासमीर येथील ज्या घरांत पूर्वी वर्ड्‌स्वर्थ राहत होता, त्याच घरांतील ही खोली. तिची लांबी सतरा फूट, रुंदी बारा फूट आणि उंची जेमतेम साडेसात फूट, असें माप तो स्वतःच देतो. आंत पांच हजारांच्या आसपास ग्रंथ, पेटलेला विस्तव, आणि रात्रीं आठपासून पहाटे चारपर्यंत पुरेल एवढा चहा. एका काल्पनिक चित्रकाराला समोर बसवून, काय काय काढावयाचें तें तो सांगत जातो. आणि त्यांत अफूच्या अर्काचें पात्र काढावयास सांगण्यासहि विसरत नाहीं! हिंवाळा सौम्य पडला तर ह्या गृहस्थाला आपण फसविले गेलों असें वाटतें. कोळशाला आणि मेणबत्त्यांना एवढे पैसे मोजावयाचे, तर माल अस्सल हवा. थंडी कॅनडाची किंवा रशियाची असली तर उत्तम, असा त्याचा हिशेब आहे.

एवढाच उतारा पाठ्यपुस्तकांत येतो, आणि मग मागच्या बाकावरचा प्रश्न बिनतोड ठरतो. परंतु हा उतारा पुस्तकाच्या दुसऱ्या भागांतील आहे. पहिल्या भागांत काय आहे? 1802 सालीं, सोळा वर्षांचा असतांना, डी क्विन्सी शाळेंतून पळाला आणि त्या वर्षीचा हिंवाळा त्यानें लंडनमध्यें उपाशी काढला. एका संशयास्पद वकिलाच्या ओसाड घरांत रात्रीं निजावयास त्याला परवानगी होती. त्या घरांत दहाएक वर्षांची एक अनाथ मुलगी एकटीच राहत होती. तिला भुकेपेक्षां भुतांची भीति अधिक. कागदपत्रांचें गाठोडें उशाला आणि अंगावर घोडेस्वाराचा एक जुना झगा, अशीं तीं दोघें फरशीवर निजत. ऊब यावी म्हणून ती पोर त्याला बिलगून झोंपे. पुढें त्यानें तिचा शोध केला. ती सांपडली नाहीं.

हें वाचून पुन्हां ग्रासमीरच्या खोलींत यावें. साडेसात फुटांचें तें छप्पर आतां निराळें दिसूं लागतें. विस्तव, चहा, जाड पडदे ह्यांची ती लांबलचक मोजणी ऐषआरामी माणसाची वाटत नाहीं. एकदां गारठून मरतां मरतां वांचलेला माणूस आपली ऊब पुन्हां पुन्हां चांचपून पाहत आहे, असें वाटतें. त्या खोलीच्या दाराबाहेर थंडी आहे, आणि लेखकाला ती नांवानिशीं ठाऊक आहे. दोन्ही भागांच्या मध्यें हा दुवा लेखकानें मुद्दाम जोडून दाखविलेला नाहीं, हें त्याचें मोठेपण. पाठ्यपुस्तकाच्या संपादकांनीं मात्र तो तोडून टाकला, आणि एका उत्तम लेखकाला आळशी ठरविलें.

चार्ल्स लँबची गोष्ट ह्याहून नाजूक. 1823 सालच्या 'ओल्ड चायना' ह्या त्याच्या निबंधाचा आरंभ चिनी मातीच्या पेल्यांपासून होतो. पण निबंध आहे तो पैशाविषयीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत लँबनें तेहतीस वर्षें कारकुनी केली. उतारवयांत हातीं थोडा पैसा खुळखुळूं लागला होता. निबंधांत बहीण ब्रिजेट त्याला म्हणते कीं, आपण गरीब होतों तेव्हांच अधिक सुखी होतों. मग ती जुनीं उदाहरणें काढते. बोमंट आणि फ्लेचर ह्या नाटककारांचा एक जाडजूड ग्रंथ घ्यावा कीं घेऊं नये, ह्याचा विचार आठवडेच्या आठवडे चालला होता. अंगावरचा तपकिरी पोशाख झिजून लाज आणूं लागला, तरी पुस्तकासाठीं तोच आणखी महिनाभर वापरला. अखेर शनिवारीं रात्रीं दहाच्या सुमारास निश्चय झाला, आणि भाऊ तें धूड उचलून घरीं घेऊन आला. सुटीं झालेलीं पानें तिनें खळीनें चिकटविलीं तीं त्याच रात्रीं. सकाळपर्यंत थांबण्याचा धीर भावाला नव्हता. नाटकाला जावयाचें तें शिलिंगाच्या गॅलरींत, रेटारेटी करून. आणि 31 डिसेंबरच्या रात्रीं वर्षाचा जमाखर्च मांडून, ठरल्यापेक्षां अधिक पैसे कसे उडाले ह्याचा उलगडा करीत बसावयाचें.

पुस्तकाचा आनंद म्हणजे काय, ह्यावर इतकें नेमकें विवेचन मला दुसरीकडे आढळलें नाहीं. लँब पुस्तकांतील मजकुराविषयीं एक अक्षरहि बोलत नाहीं. पुस्तक घेतांना काय सोडावें लागलें तें तो बोलतो. आज घरबसल्या पडद्यावर शेंकडों चित्रपट हात जोडून उभे असतात, आणि अर्धा तास निवड करण्यांतच गेल्यावर आपण कंटाळून दिवा मालवतों. त्या कंटाळ्याचें निदान ह्या दोनशें वर्षांपूर्वींच्या निबंधांत सांपडतें. मात्र लँबला गरिबीचा पोवाडा गावयाचा आहे, असें कोणी समजूं नये. बहिणीचें बोलणें संपल्यावर भाऊ उत्तर देतो. तें उत्तर विसरलें जातें. तो म्हणतो, तेव्हां आपण तरुण होतों. त्या अडचणी आपल्या अंगांत होती त्या ताकदीमुळें गोड लागल्या. आतांच्या वयांत पैसा हीच तारुण्याची भर. ती पुरेशी नाहीं, पण दुसरी मिळतहि नाहीं. गरिबीची भलावण करणारे लेखक बहुधा हें दुसरें अर्धें लिहीत नाहींत.

कूपरविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. 'द टास्क' ह्या 1785 सालच्या त्याच्या दीर्घकाव्याचा चौथा सर्ग हिंवाळ्याच्या संध्याकाळीवर आहे, आणि पडदे सोडून चहा घेण्याच्या ह्या साऱ्या परंपरेला तेथूनच वळण लागलें. पुढें तो बर्फांत गाडी हांकणाऱ्या गाडीवानाकडे आणि चार काटक्यांच्या विस्तवाभोंवतीं बसलेल्या गरीब कुटुंबाकडे वळतो. तथापि येथें थंडी दुसऱ्याची आहे. कवि खिडकींतून पाहतो, हळहळतो, आणि ती हळहळहि त्याच्या सुखाचाच एक भाग होऊन बसते. कूपर मनानें सज्जन खरा. पण वाचकाला त्या गाडीवानाच्या पायांची बधिरता जाणवत नाहीं.

ती जाणवते चॅप्लिनच्या 'द गोल्ड रश' ह्या 1925 सालच्या चित्रपटांत. चित्रपटाला निबंधाच्या पंक्तीस बसविल्याबद्दल कोणी नाक मुरडील, मुरडो. घरगुती सुखाविषयीं ह्या शतकांत किंवा गेल्या शतकांत जें जें लिहिलें वा दाखविलें गेलें, त्यांत ह्या बोलपटपूर्व काळांतील मुक्या चित्राची जागा फार वरची आहे. अलास्काच्या बर्फांत, वादळांत सांपडलेल्या झोपडींत, सणाच्या जेवणासाठीं चार्ली स्वतःचा बूट शिजवतो. परंतु शिजवतो कसा! काटा टोंचून शिजला कीं नाहीं तें पाहतो, रस्सा वरून सोडतो, खिळे हाडांसारखे चोखतो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळून खातो. आपण पोट धरून हंसतों, आणि मग पुढें कितीतरी वेळ त्याच्या एका पायाला चिंध्या गुंडाळलेल्या दिसत राहतात. हंसण्याची किंमत त्या पायानें चुकती केली आहे, हें दिग्दर्शक आपल्याला विसरूं देत नाहीं.

पुढें वर्षाच्या शेवटच्या रात्रीं तो मेज मांडतो. बर्फ उपसून मिळविलेल्या पैशांत ताटें, मेणबत्त्या आणि प्रत्येक पाहुणीसाठीं एक एक भेटवस्तु. पाहुण्या येत नाहींत. दोन पावांना कांटे टोंचून केलेलें तें प्रख्यात नृत्य तो स्वप्नांत करतो. जाग येते तेव्हां खुर्च्या रिकाम्या असतात आणि दूर गांवांत नव्या वर्षाचा जल्लोष चाललेला असतो. मांडलेलें मेज आणि रिकाम्या खुर्च्या एकाच चौकटींत ठेवणें हें निबंधकारांना सहसा जमलें नाहीं. शेवटीं चार्ली लक्षाधीश होतो, आगबोटीवर अंगावर दोन दोन लोंकरी कोट चढवून हिंडतो, आणि जमिनीवर पडलेलें चिरुटाचें थोटूक दिसतांच संवयीनें खालीं वांकतो. लँबला जें सांगावयास एक निबंध लागला, तें येथें एका वांकण्यांत आलें आहे.

आतां आपल्याकडे. मराठींत लघुनिबंध आला तो इंग्रजीच्या बोटाला धरून. 1926 च्या सुमारास ना. सी. फडके 'रत्नाकर' मासिकांत 'गुजगोष्टी' लिहूं लागले. त्यांच्या मागोमाग खांडेकर आले, अनंत काणेकर आले, आणि पाहतां पाहतां चहा, छत्री, खिसा, जुनी वही असें कांहींहि निबंधाचा विषय होऊं लागलें. ह्या लेखकांनीं मराठी गद्याला जो मोकळेपणा दिला, त्याचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण उचलतांना आपण विषय उचलले, पद्धत उचलली, आणि दाराबाहेरची थंडी पुष्कळदां तेथेंच राहिली. गार्डिनरचा किंवा लिंडचा हलकेपणा आपल्याला दिसला. त्यांच्या मागें उभा असलेला लँब आणि त्याचा झिजलेला पोशाख दिसला नाहीं. म्हणून उत्तरकालीन मराठी लघुनिबंध वाचतांना, हा लेखक खरोखर कधीं कुडकुडला होता काय, असा प्रश्न मनांत येतो.

शिवाय आपला हिंवाळा मुळांतच वेगळा. इंग्रजाचें सुख दार लावल्यावर सुरू होतें, आपलें दार उघडल्यावर. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत पाठ देऊन ओट्यावर बसणें, रस्त्याकडेच्या शेकोटीशीं अनोळखी माणसांत हात पुढें करणें, भोगीच्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याशीं खाणें, ह्यांपैकीं एकहि गोष्ट पडदा सोडून करण्याची नाहीं. दुर्गा भागवतांनीं 'ऋतुचक्र' (1956) मध्यें ऋतु पाहिले ते असे उघड्यावर, ह्याच मातींत उभ्या राहून. म्हणून त्यांचा शिशिर उसना वाटत नाहीं. आणि घरांतील वस्तूच घ्यावयाची, तर गोधडी घ्या. आईचें लुगडें, आजीचें लुगडें, फाटलेलें धोतर, ह्यांचे थर एकमेकांवर ठेवून धांवदोऱ्यानें शिवलेली ही वस्तु टंचाईंतूनच जन्मली. ऊब आणि उणीव तिच्यांत एकाच टांक्यानें जोडलेली असते. तिच्यावर मीं जे निबंध वाचले, ते बहुतेक आजीच्या मायेवर जाऊन थांबतात. नवें पांघरूण घेण्यास पैसे नव्हते, हें वाक्य त्यांत क्वचितच येतें.

हुरड्याचेंहि तसेंच. पौषांतील सकाळ, शेणीच्या आगटींत भाजलेलीं ज्वारीचीं कोंवळीं कणसें, हातावर चोळून फुंकलेले हिरवे दाणे, सोबत चटणी आणि गूळ: हें वर्णन शहरांतून एका दिवसासाठीं आलेल्या पाहुण्याच्या लेखणींतून पुष्कळ वेळां उतरलें आहे, आणि तें चविष्टहि असतें. ज्यानें त्या कणसांसाठीं रात्री रात्रीं रानडुकरांपासून शेत राखलें, त्याची रात्र माझ्या वाचनांत लघुनिबंधांत आलेली नाहीं. तशीच शेजारच्या उसाच्या फडाकांठची कोपीहि आलेली नाहीं. दिवाळीच्या सुमारास बीडकडून गाडीबैल घेऊन, मुलाबाळांसह तोडणीला आलेलीं माणसें सारा हिंवाळा त्या पाचटाच्या कोपींत काढतात. तेथेंहि पहाटे चूल पेटते, तिच्याभोंवतीं पोरें जमतात, आणि फडांत जाण्यापूर्वीं कोऱ्या चहाचे दोन घोट सर्वांच्या वांट्यास येतात. डी क्विन्सीच्या खोलीइतकी ती कोपी मोठी नसते. चहा मात्र त्याच्याइतकाच कढत असतो. त्या चहावर कोणी लिहिलें, तर मागच्या बाकावरच्या मुलाला मी तें पहिल्या तासालाच वाचून दाखवीन. कदाचित् तो त्या कोपींतूनच आला असेल, आणि लिहिणारहि तोच असेल.