‘लंकादहन’ : तीरावरून पाहिलेले उड्डाण

दादासाहेब फाळके यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात चरित्र फार आणि समीक्षा थोडी असते. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ही हकीकत शाळकरी मुलालाही पाठ असते. परंतु ज्या पुरुषाला आपण ‘आद्य’ म्हणून वंदन करतो, त्याच्या कृतीला कृती म्हणून कस लावण्याचे काम मात्र आपण टाळीत आलो आहोत. आद्यत्वाचा मान देऊन एखाद्याला विचारकक्षेच्या बाहेर ठेवावयाचे, ही आपली जुनीच खोड आहे. प्रस्तुत लेखात फाळके यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या मूकपटाचा, आणि त्यातही समुद्रोल्लंघनाच्या प्रसंगाचा, विचार करावयाचा आहे.

या चित्रपटाविषयी दोन मते ऐकू येतात. एक भाविकाचे. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, कित्येक साष्टांग नमस्कार घालीत, असे सांगितले जाते. तेव्हा हे दर्शन होते, येथे समीक्षेला जागाच नाही, असे हा पक्ष म्हणतो. दुसरे मत बुद्धिवाद्याचे. फाळके हे जादूचे प्रयोगही करीत. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे स्वतःचे आडनाव उलटे करून, ते रंगमंचावर येत. मारुतीचे उड्डाण हीही त्यातलीच एक हातचलाखी, आणि भोळ्या जनतेची श्रद्धा हे तिचे भांडवल, असे या पक्षाचे म्हणणे. गंमत अशी की, एकमेकांशी भांडणारे हे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: प्रेक्षकाने जे पाहिले ते त्याला खरे वाटले. मला हे गृहीतकच मान्य नाही. कीर्तनकाराच्या तोंडून शंभरदा ऐकलेली कथा पडद्यावर पाहावयास आलेला मनुष्य फसावयास आलेला नसतो. पुढे काय होणार हे त्याला चित्रपटकर्त्याइतकेच ठाऊक असते. मग तो नवे असे काय पाहतो?

याचे उत्तर मूळ काव्याशी ताडून पाहिल्यावाचून मिळत नाही. किष्किंधाकांडाच्या अखेरीस वानरसेना समुद्रतीरावर हताश होऊन बसली आहे. जांबवान मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून देतो आणि सुंदरकांडाच्या आरंभीच मारुती महेंद्र पर्वतावर आपला देह वाढवितो. पर्वत त्याच्या पायांखाली दबतो, आणि शंभर योजनांच्या समुद्रावर तो झेप घेतो. यानंतर वाल्मीकी तीरावर थांबत नाही. तो मारुतीबरोबर जातो. वाटेत विसावा देऊ पाहणारा मैनाक, तोंड पसरून उभी ठाकलेली सुरसा, सावली पकडून ओढणारी सिंहिका, हे सारे आपण मारुतीच्या खांद्यावर बसल्यासारखे पाहतो. मागे राहिलेले वानर काही काळ काव्यातून नाहीसेच होतात.

फाळके यांनी नेमके उलटे केले. या उड्डाणाचे वर्णन चित्रनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी आपल्या आठवणींत केले आहे. मारुती आकाशात वर वर जात ढगांमध्ये क्रमाक्रमाने लहान होत जातो, हे दृश्य पाहून मन थक्क होई, असे ते सांगतात. ही एक ओळ समीक्षकाने नीट वाचावयास हवी. काव्यात मारुती मोठा होतो. चित्रपटात तो लहान होतो. काव्य वीराबरोबर जाते. कॅमेरा खाली, तीरावर राहतो. जो लहान होत जाताना दिसतो तो दूर जात असतो, आणि दूर जाणारा ज्याला दिसतो तो मागे राहिलेला असतो. म्हणजे फाळके यांनी प्रेक्षकाला मारुतीच्या नव्हे, तर त्या थांबलेल्या वानरांच्या जागी बसविले आहे. समुद्र किती मोठा आहे हे सांगण्यासाठी त्यांना पाणी फारसे दाखवावे लागत नाही. गणपत शिंदे यांनी रंगविलेला तो धिप्पाड मारुती ठिपक्याएवढा झाला की समुद्राचे माप आपोआप होते.

श्रद्धेचा प्रश्न खरा येथे उभा राहतो. जो उडतो त्याच्या मनात रामाविषयी श्रद्धा आहे हे तर उघडच आहे. त्यात नाट्य नाही. नाट्य आहे ते मागे राहणाऱ्यांचे. ठिपका दिसेनासा झाल्यानंतर तो पलीकडे पोचला की नाही हे त्यांना कळावयाचा मार्ग नाही. त्यांनी केवळ थांबावयाचे. ही थांबण्याची श्रद्धा वाल्मीकीने एका बाजूस ठेवली, आणि एका मूक यंत्राने, कदाचित केवळ आपल्या मर्यादेमुळेच, मध्यभागी आणली. यंत्राला उडता येत नव्हते. फाळके यांनी हे जाणून केले काय, असे कोणी विचारील. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटत नाही. कलाकृतीत जे आहे ते आहे.

पाश्चात्त्य मूकपटाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. १९२३ मध्ये सेसिल डिमिल याने ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये तांबडा समुद्र दुभंगून दाखविला. तेथे ईश्वराच्या आज्ञेने समुद्रच बाजूला होतो, आणि प्रेक्षक मधल्या कोरड्या वाटेने लोकांबरोबर चालू लागतो. ‘लंकादहन’मध्ये समुद्र तसूभरही हटत नाही.

आता दुसरी गोष्ट. या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. स्त्रीभूमिकेला बाई मिळत नसे, म्हणून हे घडले, असे चरित्रकार सांगतात आणि पुढे जातात. आज या चित्रपटाचे काही मिनिटांचे तुकडेच उरले आहेत. त्यांत अशोकवनातील सीता आहे आणि झाडावरून पाहणारा मारुती आहे. सीतेचे पुरुषी दंड लपत नाहीत, हावभाव संगीत नाटकातले आहेत, झाडाखालची मांडणी नाटकाच्या पडद्याची आठवण देते. हे दोष झाकण्याचे कारण नाही. तरीही विचार करावा. समुद्राच्या अलीकडे राम, पलीकडे सीता, आणि दोघांचा चेहरा एकच. एका तीरावरून अंगठी निघते आणि दुसऱ्या तीरावर त्याच हातात पडते. अडचणीतून जन्मलेली ही योजना विरहाचा जो अर्थ सांगून जाते, तो एखाद्या सुंदर नटीला सीता करून साधला असता असे मला वाटत नाही. माझ्या शाळेत नववीच्या मुलांना हे तुकडे दाखविले, तेव्हा पहिली दोन मिनिटे ती सीतेला हसली. मग मारुती दिसला, आणि पाहता पाहता त्यांनीच संवाद म्हणावयास सुरुवात केली. कोणी मराठीत, मागच्या बाकावरची दोन मुले कन्नडमध्ये.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आमचा बेळगाव-निपाणीचा मुलूख समुद्रापासून फार दूर नव्हे. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि पुढे वेंगुर्ले. परंतु घाटमाथ्यावरच्या या तंबाखू-जोंधळ्याच्या गावांत समुद्र ही पाहण्याची नव्हे, ऐकण्याची वस्तू होती. तो ऐकला गेला तो दोन भाषांत. मराठी घरात एकनाथांचे भावार्थ रामायण, कन्नड घरात कुमार वाल्मीकीचे तोरवे रामायण. इकडे समर्थांचे अकरा मारुती, तिकडे व्यासरायांनी स्थापिलेले सातशे बत्तीस, अशी परंपरा. मारुतीच्या जन्मस्थानाबद्दलही दोन्हींकडून दावा आहे: फाळके ज्या त्र्यंबकेश्वरी जन्मले त्याच्या शेजारचा अंजनेरी, किंवा हंपीपलीकडे आनेगुंदीचा अंजनाद्री. मूकपटाला या वादात पडण्याचे कारणच नव्हते. अधूनमधून येणाऱ्या पाट्या सोडल्या तर तो कोणत्याच भाषेत नव्हता, आणि निरक्षरांसाठी पाट्या वाचून दाखविणारा मनुष्य त्या त्या गावची भाषा बोले. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना थोडे अवघड वाटते. पण या भागात रामकथेला एकाच वेळी सर्वांसमोर उभे करण्याचे सामर्थ्य भाषेपेक्षा तिच्या अभावात अधिक होते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले ‘गीतरामायण’ शब्दसौंदर्यात कितीही श्रेष्ठ असले, तरी ते ऐकावयास मराठी यावी लागते.

फाळके पुन्हा समुद्राकडे वळले ते ‘सेतुबंधन’मध्ये. विषय अधिक मोठा होता. युद्धकांडात राम तीन रात्री दर्भासनावर पडून समुद्राची विनवणी करतो आणि समुद्र उत्तर देत नाही. तेव्हा तो धनुष्य उचलतो. रविवर्म्याने हाच क्षण रंगविला आहे, आणि त्याच्या छापखान्याशी फाळके यांचा निकटचा संबंध होता. पुढे नल पाच दिवसांत शंभर योजनांचा सेतू बांधतो. रामनाम लिहिलेले दगड तरंगतात ही कल्पना वाल्मीकीची नव्हे. ती नंतरच्या भक्तिपरंपरेची देणगी. नामाची ही महती मूकपटात दाखवावयाची, म्हणजे न ऐकू येणाऱ्या शब्दाचे सामर्थ्य दाखवावयाचे. पण ‘आलम आरा’ १९३१ मध्येच येऊन गेला होता. १९३२ चा हा मूकपट जन्मतःच जुना ठरला, आणि १९३४ मध्ये त्यावर हिंदी बोलणे चढवून तो पुन्हा प्रदर्शित करावा लागला.

त्याच १९३४ साली निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, कोल्हापुरातल्या स्टुडिओत तयार झालेला ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट प्रदर्शित झाला. कथा रामायणातलीच, इंद्रजिताच्या पत्नीची. त्याआधी दोन वर्षे त्याच कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलता केला होता. एका गावात, एका पुराणपरंपरेतून, दोन भाषांचे दोन प्रेक्षकवर्ग निर्माण झाले. फाळके स्वतः उतारवयात कोल्हापूर सिनेटोनसाठी तेथे आले आणि १९३७ मध्ये त्यांनी ‘गंगावतरण’ केला. त्यातही पाणीच आहे. परंतु ते वरून खाली, आपल्याकडे येते, आणि सगळी पात्रे बोलतात.