आंबेडकरी स्त्रियांची आत्मकथने : लेखनकाल आणि प्रकाशनकाल

दलित आत्मकथनांचा इतिहास सांगताना आपल्याकडील समीक्षेने एक क्रम जवळजवळ कायम करून टाकला आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले, त्यापाठोपाठ इतर पुरुषांची आत्मकथने आली आणि नंतर, जणू त्याच प्रवाहाचा एक फाटा म्हणून, स्त्रिया लिहू लागल्या. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१चे, मुक्ता सर्वगोड यांचे 'मिटलेली कवाडे' १९८३चे, तर शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन्ही पुस्तके १९८६ची. पुस्तकांवर छापलेली साले पाहिली तर या क्रमात चूक काढता येणार नाही. परंतु छापलेले साल हे लेखनाचे साल असते असे गृहीत धरण्यातच खरी गफलत आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर ती फारच मोठी आहे.

'जिणं आमुचं'चे उदाहरण घ्यावे. हे लेखन १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी सुमारे वीस वर्षे आपण ते घरात लपवून ठेवले होते, असे बेबीताईंनीच नंतर सांगितले आहे. म्हणजे लेखनाचा प्रारंभ १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या दशकात जातो, 'बलुतं'च्या बराच आधी. फलटणला पती-पत्नींचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतले छापील कागद वाचता वाचता बेबीताईंचे वाचन वाढले आणि दुकानातल्या रिकाम्या वेळात लेखन सुरू झाले. लिहिलेले कागद कोणाच्या नजरेस पडू नयेत, विशेषतः पतीच्या, अशा अडगळीत ते ठेवले जात. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या नजरेस ते आले, त्यांनी आग्रह धरला आणि त्यानंतरच छापखान्याची वाट मोकळी झाली.

हा तपशील बहुतेक प्रस्तावनाकार कौतुकाने सांगतात आणि पुढे जातात. वही कोणापासून लपवावी लागली, हा प्रश्न मात्र कोणी थांबून विचारत नाही. ती सवर्णांपासून लपविलेली नव्हती, सरकारपासूनही नव्हती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांसमोर सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची सहकारी व्हावे, दासी होण्यास नकार द्यावा. त्यानंतर वीस वर्षांनी, बाबासाहेबांना दैवत मानणाऱ्या घरातील एक बाई बाबासाहेबांच्याच चळवळीविषयी लिहिते आणि ते लेखन दडवून ठेवते. आपल्या वाचकांनी 'जिणं आमुचं' अभिमानाने वाचले, त्यावर व्याख्याने दिली. या विसंगतीकडे पाहण्याची तयारी मात्र फारशी दाखविली नाही.

माझ्या मते या पुस्तकाचे रूपच या लपवणुकीने ठरविले आहे. त्यात 'मी' क्वचित येते, 'आम्ही' सर्वत्र आहे. याचे श्रेय समीक्षक सामूहिक जाणिवेला देतात. ते बरोबरच आहे, पण अपुरे आहे. पळून गेलेल्या सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा, सासूचा जाच, उपाशीपोटी होणारी बाळंतपणे हे सारे बेबीताई इतक्या निर्भयपणे लिहितात की वाचक हादरतो. आणि एवढे लिहिणारी लेखणी स्वतःच्या उंबरठ्याशी येताच थांबते. ज्या वहीचे पान कोणत्याही क्षणी घरातल्यांच्या हाती लागू शकते, त्या वहीत 'आम्ही' हे सर्वनाम आश्रयाचेही असते. पुस्तकाच्या उत्तरार्धात उपदेश वाढतो, काही मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, हा दोष मी नाकारीत नाही. पण चोरट्या वेळात, तुकड्या-तुकड्यांनी लिहिणाऱ्या लेखिकेकडून बांधेसूदपणाची अपेक्षा करताना तिला टेबल आणि बंद होणारे दार मिळाले होते का, एवढे तरी विचारावे.

आणखी एक बोचणारा मुद्दा. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून 'अस्मितादर्श'सारखे आपले व्यासपीठ उभे होते. तरीही हे लेखन पुण्याच्या किर्लोस्कर परिवारातील स्त्रियांच्या मासिकात प्रथम अवतरले. यात संपादकांना दोष देण्याचा हेतू नाही. घराच्या कोपऱ्यातून चळवळीच्या नियतकालिकापर्यंत जाणारी वाट पती, भाऊ किंवा कार्यकर्ता यांच्या हातातून जात होती आणि बेबीताईंना नेमकी तीच वाट बंद होती.

शांताबाईंची गोष्ट वेगळी. त्या शिक्षिका, पतीही शिक्षक. १९८१ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली आणि १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकातून त्यांची कथा क्रमशः आली. १९९० मध्ये तिच्यावर आधारित 'नाजुका' ही मालिका मुंबई दूरदर्शनने दाखविली. येथे लपवणूक नाही, पण विलंब आहेच : नोकरी, मुले आणि संसार आटोपल्यानंतर मिळालेल्या वेळाचे हे पुस्तक आहे. त्यातील छोट्या, सरळ वाक्यांना काहींनी कोरडे म्हटले. मला ती पाटीवर सुवाच्य अक्षर काढणाऱ्या शिक्षिकेची वाक्ये वाटतात. उपाशी दिवसाचे वर्णन करताना त्यांना विशेषणाची गरज भासत नाही.

अशा पुस्तकांची तुलना थेरीगाथेशी करण्याची आपल्याकडे एक प्रथा पडली आहे. सन्मानाच्या भावनेने ती केली जाते, परंतु तिने एक फरक झाकला जातो. त्र्याहत्तर थेरींच्या नावे असलेल्या गाथा खुद्दकनिकायात आहेत, ही जगाच्या वाङ्मयात अपूर्व गोष्ट होय. तथापि परंपरेनुसार पहिल्या संगीतीस बसलेले पाचशे अर्हत भिक्षू होते. तेथे भिक्षुणी नव्हत्या. पुढे सिंहलद्वीपात त्रिपिटक लिपिबद्ध झाले आणि त्याहीनंतर आचार्य धम्मपालांनी अट्ठकथेत प्रत्येक थेरीची पूर्वकथा सांगितली. थेरीचे वचन टिकले, ते इतरांनी जपले म्हणून. कोणती गाथा ठेवावी आणि कोणती गळावी हा निर्णय तिच्या हाती राहिला नाही. तुलना करायचीच तर ती या ठिकाणी करावी.

या दृष्टीने उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाचे मोल मला आत्मकथनांइतकेच वाटते. चळवळीत वावरलेल्या, पण स्वतः पुस्तक लिहू न शकलेल्या स्त्रियांकडे या दोघी गेल्या, त्यांचे बोलणे टिपले आणि 'स्त्री उवाच'ने, म्हणजे स्त्रियांच्याच प्रकाशनाने, ते छापले. सांगणारी, लिहून घेणारी आणि छापणारी अशा तिन्ही जागी स्त्रिया असल्यावर काय उजेडात येते, ते येथे दिसते. याच उर्मिला पवारांनी २००३ च्या 'आयदान'मध्ये, आपल्या शिक्षणाला आणि लेखनाला घरातून झालेला विरोध स्वतःच्या नावाने व पतीच्या उल्लेखासह लिहिला. 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' यांच्या दरम्यान सतरा वर्षांचे अंतर आहे. पहिल्या पुस्तकात जे उंबरठ्याशी अडले, ते दुसऱ्यात घराबाहेर आले. 'आयदान'ला केवळ शैलीसाठी वाखाणणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नाही.

बेबीताईंनी जे लिहिले नाही ते पुढे सांगितले. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला 'जिणं आमुचं'चा इंग्रजी अनुवाद आला, त्याला जोडून त्यांची मुलाखत छापली आहे. पतीचा संशय, मारहाण आणि वहीची लपवाछपवी यांविषयी त्या तेथे शांतपणे बोलतात. त्या काळी बहुतेक घरांत हेच चालत असे, असेही सांगतात. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या जवळ आले होते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांतून 'जिणं आमुचं'ची प्रत उचलणाऱ्या वाचकाने ती मुलाखतही शोधून वाचावी, आणि मग पहिल्या पानापासून पुन्हा एकदा तो 'आम्ही' ऐकावा.