‘कोसला’ आणि अर्ध्यावरून परतलेला विद्यार्थी

विद्यापीठ अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलास आपण मंदबुद्धि ठरवितों आणि मोकळे होतों. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी या उथळ निकालास चोख उत्तर देते. खानदेशांतील सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास येतो. बुद्धि त्याला कमी नाहीं. परंतु वसतिगृहांतील उठाठेवी, वडिलांच्या पैशाचें ओझें, धाकट्या बहिणीचा मृत्यु आणि मनांतलें कोणापाशीं बोलावें हा प्रश्न, यांनीं तो आंतून पोखरला जातो. परीक्षेंतील अपयश हें त्याचें केवळ बाह्य लक्षण होय.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पांडुरंगास परतावयास घर आहे, शेती आहे. जालना जिल्ह्यांतील मंठा-भोकरदनच्या कोरडवाहू रानांतून माझ्या वर्गांत येणाऱ्या मुलास तो आधार क्वचितच असतो. १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ गाइल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठांतून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानें जवळ केलें, म्हणून त्यांचें शिक्षण तगलें. विद्यार्थी कां गेला, एवढेंच पुसून भागत नाहीं. त्याला पुन्हां आंत घेणारें दार कोठें आहे, हेंही पुसलें पाहिजे. ‘कोसला’ तें पुसत नाहीं. आम्हां शिक्षकांना तें टाळतां येणार नाहीं.