‘नकाशा कन्व्हर्ट करून घेतला’ : एका ओळीत दडलेली पद्धत

क्षेत्रकामावरचे प्रबंध वाचताना अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य नेहमी भेटतं: ‘अभ्यासक्षेत्राचा नकाशा तयार करून तो जीपीएस उपकरणासाठी रूपांतरित करण्यात आला.’ बस. पुढची चार पानं नमुना निवडीवर. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर कोणी केलं, ते तपासलं का, हे आपल्याला तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. नकाशा कशातून कशात नेला, हे सहसा कोणी विचारत नाही. माझा विषय सह्याद्रीतल्या घाटवाटा आहे, त्यामुळे या एका ओळीशी माझं जरा जास्तच वाकडं आहे. रूपांतरातही भाषांतराइतकेच निर्णय असतात. फरक इतकाच की ते निर्णय सॉफ्टवेअर तुमच्या वतीने घेतं आणि तुम्हाला कळवत नाही.

आपल्याकडे दोन रस्ते जास्त चालतात. पहिला म्हणजे स्कॅन केलेली टोपोशीट गूगल अर्थवर पसरायची, केएमझेड फाइल करायची आणि गार्मिनच्या उपकरणात ‘कस्टम मॅप’ म्हणून टाकायची. दुसरा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन ‘एमकेजीमॅप’ या मोफत प्रोग्रामने गार्मिनची आयएमजी फाइल बनवायची. दोन्हींची तारीफ करणारं साहित्य भरपूर आहे. संशोधनाचं साधन म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही, म्हणून हा लेख.

आधी केएमझेड. ही सगळ्यात सोपी पद्धत, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची. चित्राचे तुकडे पाडावे लागतात. बहुतेक उपकरणांवर एक तुकडा 1024 गुणिले 1024 पिक्सेलचा आणि असे तुकडे 100. ही मर्यादा निदान दिसते तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे डेटम. केएमएलमध्ये अक्षांश-रेखांश कायम डब्ल्यूजीएस-84 मधलेच समजले जातात, दुसरा डेटम सांगायला तिथे जागाच नाही. आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर आणि पॉलिकोनिक प्रक्षेपणात आहेत. शीटच्या कोपऱ्यावर छापलेला आकडा तुम्ही जसाच्या तसा केएमझेडमध्ये भरलात, तर सॉफ्टवेअर तो निमूटपणे घेतं. एरर नाही, इशारा नाही. पश्चिम महाराष्ट्रात अख्खा नकाशा शंभर मीटरच्या घरात सरकतो.

शेतीच्या सपाट भागात शंभर मीटर म्हणजे शेजारचं शेत. कोकणकड्याच्या कडेला शंभर मीटर म्हणजे कड्याच्या वर की खाली, हा प्रश्न. तुमच्या तक्त्यात ‘पाणवठा वाटेपासून 120 मीटरवर’ असं वाक्य असेल, तर त्यातला अंतराचा भाग पाण्याचा किती आणि डेटमचा किती?

याला उपाय आहे. शीट आधी क्यूजीआयएससारख्या प्रोग्रामात तिच्या खऱ्या डेटममध्ये बसवायची, मग डब्ल्यूजीएस-84 मध्ये न्यायची. कल्याणपूर 1975 डेटमसाठी वापरलं जाणारं तीन आकड्यांचं रूपांतर 295, 736 आणि 257 मीटर असं आहे. तेही अगदी तंतोतंत नाही, दहा-वीस मीटरची शिल्लक राहू शकते. पण ती शिल्लक तुम्हाला माहीत असते आणि लिहिता येते. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच.

इथे एक गंमत, जी प्रबंधात गंमत राहत नाही. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या. त्यातली नागरिकांसाठीची ‘ओपन सीरीज मॅप्स’ डब्ल्यूजीएस-84 वर आणि यूटीएम प्रक्षेपणात आहे. तिचं लघुरूप ओएसएम. ओपनस्ट्रीटमॅपचंही ओएसएम! ‘ओएसएम नकाशा वापरला’ असं लिहिलेलं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, कुठला बाबा? एक सरकारी सर्वेक्षणाचा, दुसरा स्वयंसेवकांनी काढलेला. दोन्हींच्या चुकांची जात वेगळी.

आता एमकेजीमॅप. गार्मिनने आयएमजी फॉरमॅटचा तपशील कधी जाहीर केलेला नाही. हौशी मंडळींनी फाइली उलगडून तो समजून घेतला आणि त्यावर हे साधन उभं राहिलं. त्याबद्दल मला खरोखर आदर आहे. जिओफॅब्रिकवरून भारताच्या पश्चिम विभागाचा डेटा उतरवा, ‘स्प्लिटर’ने तुकडे करा, एमकेजीमॅप चालवा, तयार फाइल मेमरी कार्डावर टाका. एका संध्याकाळचं काम.

लोक सहसा अचूकतेवर टीका करतात, ती मला चुकीच्या जागी वाटते. आयएमजीत सर्वांत बारीक पातळीवर निर्देशांक 24 बिटांत साठवतात, म्हणजे विषुववृत्तावर एक पायरी सुमारे 2.4 मीटरची. दाट झाडीत तुमच्या हातातला रिसीव्हरच याहून जास्त चुकतो. ते सोडून द्या.

खरी गोम ‘स्टाइल’मध्ये आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक गोष्टीला हवे तितके टॅग लावता येतात. गार्मिनकडे मात्र ठरावीक प्रकारांची यादी आहे. कुठला टॅग कुठल्या प्रकारात बसवायचा, हे स्टाइलमधले नियम ठरवतात. ज्या गोष्टीला नियम नाही, ती गळते. नकाशावर तिच्या जागी रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा ‘इथे काही नाही’ असंच सांगते. एखाद्याने वाटेला अवघडपणाची श्रेणी दिली असेल (स्विस अल्पाइन क्लबची सहा पायऱ्यांची श्रेणी त्यासाठी वापरतात), वाट कितपत दिसते हेही नोंदवलं असेल. नियमांत या टॅगचा उल्लेख नसेल, तर बैलगाडी जाईल अशी सोंडेवरची मळलेली वाट आणि दोर लावावा लागेल अशी नाळ, दोन्ही एकाच तुटक रेषेने उमटतात. घाटवाटांवर काम करणाऱ्या माणसासाठी हा किरकोळ तपशील नाही, हाच विषय आहे.

नावांचं दुखणं आणखी खोल. आयएमजीतली लेबलं एका कोड पेजमध्ये जातात. युनिकोडचा पर्याय एमकेजीमॅपमध्ये आहे, पण अनेक उपकरणं तसा नकाशा दाखवत नाहीत, म्हणून लोक लॅटिन पर्याय घेतात. मग देवनागरी नावं रोमनमध्ये ओढूनताणून बसवली जातात. ळ आणि ल, ट आणि त, ड आणि द यांतला भेद साध्या रोमन अक्षरांत टिकत नाही. म्हणजे ज्या स्थानिक माणसाने वाडीचं नाव तिथल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत भरलं, त्याचीच मेहनत आधी बिघडते आणि ज्या गावाला कोणी इंग्रजी नाव दिलं होतं ते नीटनेटकं दिसतं. स्थळनामांवर काम करणाऱ्यांनी उपकरणाच्या पडद्यावरून नावं कधीही उतरवून घेऊ नयेत. मूळ डेटातल्या ‘नेम’ आणि ‘नेम:एमआर’ या टॅगमधून घ्यावीत. कुठल्या टॅगला आधी मान द्यायचा, हे ‘नेम-टॅग-लिस्ट’ या पर्यायाने ठरवता येतं. तो क्रम काय ठेवला होता, हे प्रबंधात आलंच पाहिजे.

समोच्च रेषांबद्दल थोडक्यात. त्या बहुधा 2000 सालच्या एसआरटीएम रडार मोहिमेच्या उंचीवरून काढतात. एक अंशसेकंद, म्हणजे साधारण 30 मीटरची जाळी. उंचीच्या अचूकतेचं त्या मोहिमेचं उद्दिष्ट 16 मीटर होतं. त्यावरून 10 मीटर अंतराच्या रेषा काढल्या की नकाशा देखणा दिसतो. सरळसोट कड्याच्या जागी मात्र उतार दिसतो.

एवढं बोलूनही निवड करायची तर मी एमकेजीमॅपच घेईन. कारण साधं आहे. त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. ‘लाइन्स’ फाइल उघडा, कुठली वाट कशात टाकली ते वाचा, पटलं नाही तर बदला. बटण दाबून चालणाऱ्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये हेच निर्णय होतात, फक्त ते बघायला मिळत नाहीत. ज्या साधनाशी वाद घालता येतो, ते मला संशोधनासाठी बरं वाटतं.

तुमच्या आराखड्यात त्या एका ओळीऐवजी एक परिच्छेद ठेवा. मूळ डेटा कुठला आणि कुठल्या तारखेचा, कारण ओपनस्ट्रीटमॅप रोज बदलतो. डेटम कुठला होता आणि कसा बदलला. प्रोग्रामची आवृत्ती आणि चालवलेली पूर्ण आज्ञा. स्टाइलमध्ये स्वतः काय बदललं. मूळ डेटात अभ्यासक्षेत्रातल्या पायवाटा किती आणि तयार नकाशात किती उरल्या, ही मोजणीही द्या. ती करायला अर्धा दिवस लागतो. शिवाय मैदानात जाऊन दहा-बारा पक्क्या खुणा तपासा: देवळाचा कळस, पुलाचं टोक, बुरुजाचा कोपरा. त्या सगळ्या एकाच दिशेला सरकलेल्या दिसल्या तर आधी डेटम तपासा, वाटेल तशा विखुरल्या असतील तर स्कॅन किंवा मूळ डेटाकडे वळा. स्टाइल फाइल परिशिष्टात लावा, पानं वाढली तरी वाढू द्या. आणि ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना ओडीबीएल आहे, त्यामुळे छापील नकाशाखाली श्रेय देणं बंधनकारक आहे. ते देताना ‘ओएसएम’ नको, पूर्ण नाव लिहा.